चार तासांच्या अंतरावरची शहरं

युरोपचा नकाशा पुढ्यात घ्या आणि प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट ही चार नावं शोधा. वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जाणारी एक वाट दिसेल. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा एक तास, आणि तिथून बुडापेस्ट अडीच तासांच्या आसपास. १९१८ पर्यंत ही चारही शहरं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या एकाच साम्राज्यात होती. आज ती चार वेगळ्या देशांत आहेत, चार भाषा बोलतात, तीन चलनं वापरतात. पण रेल्वे, ट्राम आणि कॉफीगृहं यांत जुनं नातं अजून टिकून आहे. नवरा-बायकोने दोघांनीच निवांत हिंडायचं तर मी सगळ्यांना हीच वाट सुचवते.

आपल्याकडे युरोप म्हटलं की बहुतेकांच्या मनात येते ती बसची सहल. तिची सोय मोठी आहे; जेवणाची, भाषेची, व्हिसाची चिंता दुसरं कुणीतरी वाहतं. पण शहर सर्वांत देखणं असतं ते भल्या सकाळी आणि दिवेलागणीला, आणि नेमक्या त्याच वेळी बस गावाबाहेरच्या हॉटेलातून निघालेली तरी असते किंवा तिकडे परतत तरी असते. म्हणून आमचा नियम साधा आहे. मोठ्या शहरात तीन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही, आणि दिवसाला एकच गोष्ट नक्की ठरवायची. बाकीचा दिवस मोकळा.

असा मोकळा दिवस हवा असेल तर कष्ट निघण्यापूर्वी घ्यावे लागतात. चारही देश शेंगेनमध्ये असल्याने एकच व्हिसा पुरतो. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील, तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. विमानाचं तिकीट प्रागला उतरण्याचं आणि बुडापेस्टहून परतण्याचं काढावं, म्हणजे आल्या वाटेने मागे जावं लागत नाही. मुक्काम ट्रामच्या थांब्याजवळ शोधावा; ऐतिहासिक चौकाच्या अगदी काठावर राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि रात्री झोपही शांत लागते. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो चालतो, चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट. कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत पैसे घेऊ का?’ असं विचारलं, तर नाही म्हणून स्थानिक चलनच निवडावं. रुपयांचा दर बहुधा महागात पडतो.

या भागातली रेल्वे फार जुनी. व्हिएन्नाहून चेकियातल्या ब्रनोपर्यंत गाडी १८३९ साली पोहोचली, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटण्याच्या चौदा वर्षं आधी. स्टेशनं शहराच्या पोटात आहेत. फलाटावर जाताना तपासणीची रांग नसते, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटं पोहोचलं तरी पुरतं. तिकिटं काही महिने आधी काढली तर दर पुष्कळच उतरलेले मिळतात, मात्र मग तीच गाडी पकडावी लागते. राखीव जागेसाठी थोडे वेगळे पैसे द्यावेत. आसनाच्या वरच्या छोट्या पाटीवर ती जागा कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते दिसतं. सामान मात्र आपलं आपणच चढवायचं असतं. दोघांत दोन मध्यम बॅगा, याहून जास्त काही नको.

प्रागमधला चार्ल्स पूल हा दिवसा माणसांचा लोंढा असतो. चौथ्या चार्ल्सच्या काळात, १३५७ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. त्यावरचे तीस पुतळे मात्र बरेच नंतरचे आहेत, आणि आज दिसतात त्यांतल्या बहुतेक प्रतिकृती आहेत. ऑक्टोबरात सूर्योदय सातच्या पुढे असतो, तेव्हा फार लवकर न उठताही तो पूल जवळजवळ रिकामा सापडतो. व्लतावा नदीवर धुकं असतं आणि किल्ल्याकडची बाजू हळूहळू उजळत जाते. किल्ल्यावर जायला बावीस क्रमांकाची ट्राम आहे. ट्राममध्ये चढल्यावर कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. शिक्क्याविना तिकीट हे तिकीट नसल्यासारखंच, आणि दंड जबर असतो.

व्हिएन्नाला मी सर्वांत जास्त वेळ देईन. फ्रान्झ योसेफ बादशहाने १८५७ साली शहराचा तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी रिंगस्ट्रास हा रुंद वर्तुळाकार रस्ता झाला. संसद, विद्यापीठ, संग्रहालयं, १८६९ मध्ये सुरू झालेलं ऑपेरागृह, सगळं त्याच्या कडेने उभं आहे. पण मला व्हिएन्ना कळली ती कॉफीगृहात. तिथल्या कॉफीगृहांची संस्कृती २०११ पासून ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे. १८८० साली सुरू झालेल्या ‘कॅफे श्पेर्ल’मध्ये बिलियर्डची टेबलं आहेत आणि लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं. कॉफी येते ती छोट्या चकचकीत तबकात. शेजारी पाण्याचा पेला, आणि पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवलेला चमचा. कॉफी संपली तरी कुणी उठवत नाही. मागितल्याशिवाय बिल येत नाही.

ते पाणीही साधं नाही. १८७३ पासून आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं, तेही पंपाविना, नुसत्या उतारावरून. तेव्हा बाटल्या विकत घेऊ नयेत. नळाखाली बाटली भरावी आणि चालू लागावं.

ऑपेराला बसायची तिकिटं महाग असतात, पण उभं राहून पाहायची अगदी थोड्या पैशांत मिळतात. तिथे पुढच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की ती जागा आपली, असा संकेत होता आणि तो सगळे पाळत. ह्यांना संगीतापेक्षा चित्रं प्यारी. म्हणून ऑपेराच्या दिवशी ते दुपारभर ब्रूगेलची चित्रं पाहत कलासंग्रहालयात होते आणि मी संध्याकाळी एकटी ऑपेरात उभी होते. जोडीने प्रवास करताना रोज काही तास वेगळं व्हावं, असं मला मनापासून वाटतं. रात्री जेवताना सांगायला दोघांकडेही काहीतरी नवं असतं.

ब्रातिस्लाव्हाला एक दिवस पुरे. सेंट मार्टिन चर्चमध्ये १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक झाले. मारिया थेरेसा राणीचाही, १७४१ मध्ये. जुना गाभा तासाभरात पायी होतो.

पुढचा रेल्वेप्रवास मात्र डोळे उघडे ठेवून करावा. बुडापेस्टकडे जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. श्टुरोवो आलं की नदीपलीकडे एस्टरगोमच्या बॅसिलिकाचा घुमट दिसतो. हंगेरीतलं हे सर्वांत मोठं चर्च. पुढे डॅन्यूब डोंगरांतून वळण घेते, रूळ तिच्या काठाकाठाने धावतात आणि पलीकडच्या टेकडीवर विशेग्राडचा किल्ला उभा असतो. या मार्गावरच्या बऱ्याच गाड्यांना भोजनयान असतं. दुपारचं जेवण तिथे घ्यावं.

बुडा, ओबुडा आणि पेश्त ही गावं १८७३ मध्ये एक झाली. १८९६ ची पहिली मेट्रो युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी भुयारी रेल्वे. स्टेशनं इतकी उथळ की रस्त्यावरून चार पायऱ्या उतरलं की फलाट. तिनेच सेचेनी स्नानगृहाला जायचं. १९१३ ची ही पिवळी इमारत. जमिनीच्या पोटातून ७० अंशांहून जास्त तापलेलं पाणी येतं, ते निववून कुंडांत सोडतात. सोबत पोहण्याचे कपडे, स्लीपर आणि टॉवेल हवेत. मनगटावर पट्टा देतात, त्यानेच कपाट उघडतं. उघड्यावरच्या कुंडात वाफेतून डोकी वर काढून म्हातारे बुद्धिबळ खेळत असतात, कमरेच्या वर पाणी, पुढ्यात पट. ह्यांनी तिथे एका आजोबांशी एक शब्दही न बोलता डाव मांडला.

शाकाहारी माणसाचं बुडापेस्टमध्ये अडत नाही. फोझेलेक नावाची दाट शिजवलेली भाजी, कधी भोपळ्याची, कधी वाटाण्याची, साध्या खानावळींत मिळते. मांस वगळून द्या, एवढं आधी सांगावं.

संसदभवनाजवळ डॅन्यूबच्या काठावर लोखंडी जोड्यांची रांग आहे, साठ जोड. १९४४-४५ मध्ये ॲरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या; २००५ साली हे स्मारक झालं. तिथे जायला घाईची वेळ निवडू नये.

चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म बुडापेस्टमधलाच, ३० जानेवारी १९१३ चा, आई हंगेरियन. चित्रांची ओढ असेल आणि एक दिवस हाती उरला तर बॉत्यानी चौकातून उपनगरी गाडी पकडून सेंटेंद्रेला जावं. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. विसाव्या शतकात तिथे चित्रकारांनी वसाहत केली, आणि त्यांची छोटी संग्रहालयं गल्लीबोळांत विखुरली आहेत. उन्हाळ्यात नदीतून बोटही जाते. जाताना बोटीने जावं आणि येताना रेल्वेने.