फरशी, फोटो आणि पुलं

तुमच्या घरी कधी मिस्त्री आलाय? मग ‘पंधरा दिवसांचं काम आहे, मॅडम’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आम्ही ते दसऱ्याच्या आधी ऐकलं. दिवाळी आली नि गेली, बाथरूममध्ये वाळूचा ढीग तस्साच! पोह्यात धूळ, लॅपटॉपवर धूळ, ऑफिसचा कॉल सुरू झाला की मागे कटरची किंचाळी. दुसऱ्या बाथरूमसाठी सकाळी पावणेसातपासून नंबर.

हा सगळा घाट बाबांसाठी. पावसाळ्यात ते बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण डावा खांदा दुखावला. तो हात अजून वर जात नाही. त्यात दार आत उघडणारं आणि दाराला टेकून बाबाच पडलेले. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. तेव्हाच ठरवलं, सगळं फोडून नव्याने करायचं.

मग काय, मी झपाटलेच. न घसरणाऱ्या टाइल्स, नवं वॉटरप्रूफिंग, बाहेर उघडणारं दार, भिंतीवर धरायला स्टीलची दांडी. रोज निघताना फोटो काढायचे आणि लंचला सगळ्यांना दाखवायचे. बेज आणि आयव्हरीतला फरक आमच्या अख्ख्या टीमला पाठ झाला होता.

अशात एका शनिवारी बाबांनी पास आणले. ८ नोव्हेंबर हा पुलंचा जन्मदिवस. त्या सुमारास पुण्यात त्यांच्या लेखनावर कार्यक्रम होतातच. त्यातलंच एक अभिवाचन, एरंडवण्यातल्या छोट्या हॉलमध्ये.

‘‘बाबा, आज प्लंबर येणारे हो.’’

‘‘तो गेल्या शनिवारीही येणार होता,’’ बाबा चप्पल घालत म्हणाले.

पुलं जाऊन दोन तपं उलटली, १२ जून २००० ला गेले ते. तरी हॉल भरलेला, आणि आमच्या वयाचेही बरेच. पहिलाच लेख ‘मी आणि माझा शत्रुपक्ष’. वाचला नसेल तर जरूर वाचा. नवं घर बांधून आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवत सुटणारी मंडळी हाच त्यातला एक शत्रू! हॉल खदखदत होता. नवऱ्याने मला कोपर मारलं आणि हळूच म्हणाला, ‘‘बेज की आयव्हरी?’’ मी हसले, पण कान गरम झाले. शेजारी बाबा डोळे पुसत हसत होते. पडल्यापासून ते असे हसलेले मी पाहिलेच नव्हते.

येताना रिक्षात बाबा म्हणाले, ‘‘तू ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवतेस म्हणे बाथरूम. मला नाही दाखवलंस ते.’’

‘‘अहो, घरातच तर आहे!’’

‘‘घरातच आहे गं. पण दांडी डाव्या हाताला लावायला सांगितलीयस. माझा उजवा हात चालतो.’’

रिक्षात एकदम शांतता. सहा आठवड्यांत मी मिस्त्रीला विचारलं, दुकानदाराला विचारलं, ऑफिसमधल्या सगळ्यांना विचारलं. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना एकदाही नाही. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय टाइल्समधलं, असं मनात कुठेतरी होतं. खरं सांगते, लाज वाटली.

रविवारी सकाळी मी बाबांचा हात धरून त्यांना कोपरा न् कोपरा दाखवला. पुलंचा शत्रू होऊन! बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, उठून पाहिलं, उजवीकडच्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली. नळही वीतभर वर घ्यायला सांगितला, वाकावं लागू नये म्हणून. सोमवारी मिस्त्रीने खूण बघून मान डोलावली. म्हणाला, ‘‘अजून आठ दिवस, मॅडम.’’

या वेळी मी हसले.

जाता जाता: तुमच्याकडेही हे निघणार असेल तर तीन गोष्टी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावण्याआधी किमान एक दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्यांचं छत तपासा. टाइल्स दहा टक्के जास्त घ्या, नंतर तो शेड मिळेलच असं नाही. आणि दांडीची जागा टाइल्स लागायच्या आधी ठरवा. जो ती धरणार आहे, त्याला विचारून!