वल्लमचे स्फटिक आणि संगणकाचा पडदा

तंजावरच्या नैऋत्येस सुमारे ११ किलोमीटर अंतरावर वल्लम हे गाव आहे. त्याच्या परिसरात सापडणारे स्फटिकाचे खडे कापून व घासून त्यांची भिंगे तयार करण्याचा व्यवसाय तंजावरात पूर्वी नावारूपाला आला होता. स्फटिक काचेपेक्षा कठीण असल्यामुळे या चष्म्यांवर सहसा ओरखडे उठत नसत. शिवाय, स्फटिक शीत गुणाचा मानला जात असल्याने त्यापासून डोळ्यांना थंडावा मिळतो, अशी समजूतही रूढ होती.

टिकाऊपणाचा दावा खरा होता. थंडाव्याचा मात्र नव्हे. भिंगातून किती स्पष्ट दिसेल, हे त्याच्या पृष्ठभागाच्या वक्रतेवर आणि पदार्थाच्या वक्रीभवनांकावर अवलंबून असते. स्फटिकात तर प्रकाशकिरण दुभंगण्याचा धर्म असतो. त्यामुळे तो योग्य दिशेने कापणे आवश्यक ठरते. डोळ्यांना विसावा मिळतो तो नेमक्या क्रमांकामुळे, पदार्थाच्या गुणामुळे नव्हे.

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नेत्ररोगांच्या चिकित्सेत विशेष रस घेतला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. आधी रोग्याचा डोळा नीट पाहावा, जे दिसले ते लिहून ठेवावे आणि मग उपचार ठरवावा, ही पद्धत त्यांतून दिसून येते. संगणकामुळे येणाऱ्या नेत्रश्रमाचा विचारही याच क्रमाने करणे इष्ट होय.

याच ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. अशा कागदांची छायाचित्रे संगणकावर लावून वाचणाऱ्या अभ्यासकाचे उदाहरण घ्यावे. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात. अक्षर लागेपर्यंत नजर एकाच ओळीवर खिळून राहते. तासाभरात डोळे चुरचुरू लागतात, अक्षरे पुसट होतात, कपाळ दुखते. मोडी वाचू शकणारी माणसे आधीच थोडी. त्यांतील कोणी या त्रासाला कंटाळून वाचन सोडले, तर हानी केवळ त्या व्यक्तीची होत नाही.

या त्रासाची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले असे की, जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचित राहतो. तासन्‌तास विश्रांती न मिळाल्यास तो थकतो. दुसरे, स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो; पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते, आणि अश्रूंचा पातळ थर सुकतो. तिसरे कारण चष्म्याचे. चाळिशीचा चष्मा ३५ ते ४० सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी दिलेला असतो, तर संगणकाचा पडदा ५० ते ७० सेंटिमीटर दूर असतो. त्यामुळे वाचक पुढे वाकतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास तो हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहतो आणि मान अवघडते.

उपाय या कारणांतूनच सुचतात. दर २० मिनिटांनी किमान २० सेकंद सुमारे ६ मीटर किंवा त्याहून दूरच्या वस्तूकडे पाहावे. ज्याच्या खिडकीतून बृहदीश्वराचे विमान दिसते, त्या तंजावरकराला दुसरे लक्ष्य शोधण्याचे कारण नाही. पापण्या जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात. पडद्याची वरची कड नजरेच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी; नजर खाली झुकली की डोळ्याचा उघडा भाग कमी होतो व तो कमी सुकतो. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. खिडकीचा प्रकाश बाजूने यावा. अक्षरे मोठी करून घेण्यात कमीपणा मानू नये.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आपल्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि डोळे तपासून घेताना ते सांगावे. तेवढ्याच अंतरासाठी केलेला स्वतंत्र चष्मा अनेकदा मान आणि डोळे या दोहोंना आराम देतो.

निळा प्रकाश अडविणाऱ्या भिंगांची आज मोठी जाहिरात होते. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार अशा भिंगांमुळे, साध्या भिंगांच्या तुलनेत, नेत्रश्रम अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसले नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातील निळ्या प्रकाशापुढे अत्यल्प असतो. थंडावा देणाऱ्या स्फटिकाची समजूत येथे नव्या वेषात भेटते.

संगणकाच्या वापराने येणारा थकवा सामान्यतः तात्पुरता असतो. त्याने डोळ्याचे कायमचे नुकसान होत नाही. परंतु विश्रांतीनंतरही अंधूक दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोळ्यात तीव्र वेदना होणे किंवा अकस्मात दृष्टी कमी होणे, ही लक्षणे थकव्याची समजू नयेत. अशा वेळी चष्मा बदलण्यात दिवस न घालविता नेत्रवैद्याकडे जावे.