संस्थापकानंतर (भाग ७) : पद्मिनीचं ड्रॉइंग कुणाचं?

या आठवड्यात शंतनुराव किर्लोस्करांकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण डोंबिवलीच्या एका वाचकाने पत्रात विचारलेला प्रश्न या लेखमालेच्या मुळाशीच जातो. वालचंद हिराचंद आणखी वीस वर्षं जगले असते, तर त्यांनी काढलेल्या ‘प्रीमियर’ची गाडी इतकी वर्षं आहे तशीच राहिली असती का, असं त्यांनी विचारलं आहे. प्रश्न डोंबिवलीतून यावा हेही साहजिकच. कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर’ हे नाव अजून मैदानाला चिकटून आहे. आसपासच्या उंच इमारतींत नव्याने राहायला आलेल्यांना ते एखाद्या बिल्डरचं वाटत असेल. पण नव्वदच्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कल्याणच्या कारखान्यातून फ्रेंच बनावटीच्या मोटारी बाहेर पडत होत्या.

या प्रश्नाचं रूढ उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं : बाप कर्तबगार, पुढचे सांभाळून बसणारे. तारखा पाहिल्या तर तसं वाटतंही. कंपनी स्थापन झाली १९४४ मध्ये आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी निघाली १९४७ मध्ये. १९५० च्या सुमारास आजारपणामुळे वालचंद कारभारातून बाजूला झाले आणि एप्रिल १९५३ मध्ये गेले. सूत्रं बंधू लालचंदांकडे आणि पुढे घराण्यातल्याच विनोद दोशींकडे आली. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली आणि २००० च्या आसपास बंद होईपर्यंत तिचं अंग तेच राहिलं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने ३० ऑक्टोबर २०२३ ला निरोप घेतला, तेव्हाही गाडी साठ वर्षांपूर्वीच्याच चेहऱ्याची होती. संस्थापक गेला आणि नवेपण थांबलं, असा निकाल यावरून सहज देता येतो. मला तो मान्य नाही, आणि न मानण्याचं कारण खुद्द वालचंदांच्याच चरित्रात आहे.

वालचंदांनी पाच-सहा वर्षांच्या अवधीत तीन यंत्रोद्योग उभे केले : बंगळूरला विमानांचा, विशाखापट्टणमला जहाजांचा आणि कुर्ल्याला मोटारींचा. तांसा तलावाचं पाणी मुंबईला नेणारी जलवाहिनी आणि बोरघाटातले रेल्वेचे बोगदे ही कंत्राटं घेतलेला हा माणूस. मोठं काम अंगावर घ्यायचं, भांडवल गोळा करायचं, सरकारशी झुंजायचं आणि जे तंत्र आपल्याकडे नाही ते ज्याच्याकडे आहे त्याच्याशी करार करून आणायचं, ही त्यांची रीत तिन्ही ठिकाणी सारखीच होती. संस्थापक एक, काळ एक, पद्धत एक. नंतर मात्र तिघांचं नशीब वेगळं झालं. संस्थापक नसल्याने काय होतं आणि काय होत नाही, हे तपासायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला आपल्या उद्योगाच्या इतिहासात दुसरं दिसत नाही. जहाजबांधणी इथे सोडून देतो, कारण तिथे सरकारी मालकीचे इतके वेगळे धागे गुंतले आहेत की त्यांचा एक स्वतंत्र भाग होईल. विमान आणि मोटार एवढंच पाहू.

हिंदुस्तान एअरक्राफ्ट डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत सुरू झाली आणि १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली. म्हणजे संस्थापक दोन वर्षांच्या आतच बाहेर पडला, तोही जिवंतपणी. रूढ उत्तर खरं असतं तर ही कंपनी दुरुस्तीच्या कामावरच संपायला हवी होती. युद्धकाळात तिथे दुरुस्तीचंच काम प्रचंड होतं. पण तिथे पहिल्यापासून डॉ. विष्णू माधव घाटगे होते. कोल्हापूरकडच्या हसूरचा हा मुलगा गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला होता. विमानाभोवती हवा कशी वाहते याचं आधुनिक गणित ज्यांनी घडवलं ते हे प्रांटल. घाटगे बंगळूरला आरेखन विभागात दाखल झाले आणि दुरुस्तीच्या त्या गर्दीतच त्यांनी एक ग्लायडर आखलं. ते १९४२ मध्ये उडालं. ऑगस्ट १९५१ मध्ये ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान उडालं. ते संपूर्ण इथे आखलेलं होतं, आणि अशी दीडशेहून अधिक विमानं पुढे बनली. १९६१ मध्ये जर्मन आरेखक कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मरुत’ हे लढाऊ जेट आणि १९६४ मध्ये पुन्हा घाटग्यांच्या हाताखाली ‘किरण’. हे सगळं घडलं ते ज्या कंपनीचा संस्थापक कधीच दूर झाला होता तिथे. आणि जिथे संस्थापकाचं घराणं अर्ध्या शतकाहून अधिक काळ मालक म्हणून बसलं होतं, त्या प्रीमियरने कोऱ्या कागदावरून स्वतःची मोटार कधीच काढली नाही.

फरक कुठे पडला? माझं उत्तर असं : कुर्ल्याला कारखाना होता, बंगळूरला कारखाना आणि ड्रॉइंग ऑफिस दोन्ही होतं. परवान्यावर गाडी बनवणाऱ्याला फियाटच्या तुरीनहून नकाशे येतात. पत्रा किती जाड, भोक कुठे, बोल्ट किती घट्ट, हे सगळं त्यात असतं. प्रीमियरच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी हे इतकं पक्कं आत्मसात केलं की पुढे जवळजवळ पूर्ण गाडी इथल्याच सुट्या भागांतून उभी राहू लागली. हे यश लहान नाही. आपल्याकडच्या किती तरी सुट्या भागांच्या कारखान्यांनी काटेकोर मापात काम करायला याच गाडीवर हात बसवला. पण त्या नकाशांत ‘किती’ असतं, ‘का’ नसतं. पत्रा याच जाडीचा का घेतला, पाव मिलिमीटरने पातळ केला तर गाडी कुठे थरथरेल, कुठली कल्पना करून पाहून टाकून दिली, हे ज्याने नकाशा काढला त्याच्या डोक्यात आणि त्याच्या रद्द कागदांच्या ढिगात राहतं. ‘किती’ माहीत असलेला माणूस तीच वस्तू हुबेहूब लाख वेळा बनवू शकतो. त्याच्यापुढची वस्तू बनवायला ‘का’ लागतो. घाटग्यांच्या खोलीतली माणसं हा ‘का’ एकमेकांना शिकवत होती, म्हणून मालक बदलला तरी ती खोली चालत राहिली.

यावर सर्वांत बोलकी साक्ष पद्मिनीचीच आहे. फियाटचे संस्थापक जोव्हान्नी अन्येल्ली डिसेंबर १९४५ मध्ये वारले. ज्या गाडीची वंशज म्हणून पद्मिनी आली, ती ‘११००/१०३’ फियाटने बाजारात आणली १९५३ मध्ये, संस्थापक गेल्यावर सातेक वर्षांनी. वेगळ्या चासीऐवजी एकसंध अंगाची ही गाडी दांते जाकोझा यांच्या आरेखन कचेरीतून आली. त्याच कचेरीने १९३६ ची छोटी ‘टोपोलिनो’ केली होती, आणि त्याच कचेरीने पुढे १९५७ ची नवी ‘५००’ केली. म्हणजे आपण ज्या गाडीला संस्थापक गेल्यावर गोठलेल्या कंपनीचं प्रतीक मानतो, ती मुळात संस्थापक गेल्यावरही न गोठलेल्या एका कंपनीचं काम होती. इटलीत पद्मिनीची मूळ आवृत्ती १९६६ पर्यंतच चालली, कारण जाकोझांच्या टेबलावर तोवर पुढची गाडी होती. कुर्ल्याच्या टेबलावर पुढचं काही नव्हतं.

आता सर्वांत मोठा आक्षेप. लायसन्स राजमध्ये नवी गाडी काढायची मुभा तरी कुठे होती? किती गाड्या बनवायच्या हे दिल्ली ठरवत होती. परकीय चलन मोजूनमापून मिळत होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस तर गाडीची किंमतही सरकारच ठरवू लागलं आणि कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत असताना नवं मॉडेल कोण काढेल? हा आक्षेप मी हलका मानत नाही. उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडरही अशीच थांबली होती, तेव्हा दोष एकट्या दोशी घराण्याच्या पदरात घालणं अन्यायाचं होईल. पण याच राजवटीत ट्रक बनवणारी टाटांची टेल्कोही होती. तिचाही आरंभ उसन्या तंत्रावरच झाला होता : १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार. तो १९६९ मध्ये संपायचा होता, आणि तो संपण्याआधीच, १९६६ मध्ये, तिची सूत्रं सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी पुण्यात संशोधन केंद्र काढलं. ट्रकला सरकारी धोरणात मोटारीपेक्षा बरं स्थान होतं, हे कबूल. तरी परवान्यांनी नवा कारखाना अडवला असेल, ड्रॉइंग बोर्डवर बसलेल्या वीस माणसांना कुठला परवाना लागत होता? आणि खरी कसोटी बंधनं असताना लागत नाही, उठल्यावर लागते. १९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन गेलं. टेल्कोने १९९८ च्या अखेरीस ‘इंडिका’ आणली, तीही मूळगावकरांना जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. प्रीमियरने फ्रेंच प्यूजोशी आणि फियाटशी करार केले.

‘सरकारी पैसा आणि हवाई दलासारखं हक्काचं गिऱ्हाईक होतं म्हणून विमान कारखान्याला जमलं’ असा दुसरा आक्षेप येईल. पण पैसा आणि गिऱ्हाईक दोन्ही नंतरही होतंच, तरी ओघ आटला. नाशिकजवळ ओझरला मिग विमानं परवान्यावर बनू लागली आणि लढाऊ विमानांचा भार हळूहळू तिकडे सरकला. ‘मरुत’ला त्याच्या अंगाला साजेसं ताकदवान इंजिन कधी मिळालंच नाही, आणि त्याच्या खांद्यावर उभं राहणारं पुढचं लढाऊ विमान तिथे आखलं गेलं नाही. ‘मरुत’ उडाल्यापासून ‘तेजस’ उडेपर्यंत, १९६१ ते २००१, चाळीस वर्षं गेली. ओझरच्या कामगारांचं कौशल्य अव्वल होतं, जसं कुर्ल्याच्या कामगारांचं होतं. पण आरेखनाची खोली म्हणजे काही कपाटात जपून ठेवता येणारी गोष्ट नव्हे. तिथल्या तरुणाला पस्तिशीच्या आत निदान एक काम पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत करायला मिळालं पाहिजे, नाहीतर म्हातारे निवृत्त होतात आणि ‘का’ त्यांच्याबरोबर घरी जातो. त्यामुळे संस्थापक आहे की नाही यापेक्षा, त्या खोलीला सलग काम मिळतं की नाही, हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो.

आता कल्याणकडे परत येतो, कारण वाचकाचा प्रश्न तिथूनच निघाला आहे. ऐंशीच्या दशकात प्रीमियरने ‘११८ एनई’ काढली होती. अंग फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं. नावातली ‘एनई’ ही अक्षरं त्या इंजिनासाठीच होती. मग प्यूजोबरोबर कल्याणला ‘३०९’. ही गाडी युरोपात १९८५ ला आली होती आणि इकडे यायच्या बेताला तिथे बंदही झाली होती. त्याच सुमारास कुर्ल्याला फियाटची ‘उनो’. दोन परदेशी भागीदार एकाच घरात, त्यात कामगारांचा संप. १९९७ मध्ये प्यूजोने पाय काढून घेतला. या घटनाक्रमात दोशींना बाजार कळत नव्हता असं म्हणायला मात्र मी तयार नाही. २००९ मध्ये प्रीमियरने चिंचवडहून ‘रिओ’ आणली. चार मीटरच्या आत बसणारी एसयूव्ही ही कल्पना आपल्याकडे बाजारात आणणारी ती पहिली गाडी. लहान गाडीला करात मिळणारी सवलत त्यांनी बरोबर हेरली होती. चार वर्षांनी फोर्डने त्याच मापात ‘इकोस्पोर्ट’ आणली आणि मग जवळजवळ प्रत्येक कंपनी त्या वाटेने गेली. आज कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहिलं तर याच मापाच्या गाड्या ओळीने उभ्या दिसतील. कल्पना प्रीमियरची होती. पण गाडीचं अंग चीनच्या झोट्ये कंपनीकडून आलं होतं, तेही मुळात जपानच्या दाइहात्सूचं जुनं आरेखन. आणि आत होतं प्यूजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन, कल्याणच्या ‘३०९’ मध्ये बारा वर्षांपूर्वी बसत होतं तेच.

तेव्हा वालचंद वीस वर्षं अधिक जगले असते तर? त्यांनी आणखी एखादा चांगला करार केला असता, कदाचित दिल्लीशी अधिक जोराने भांडलेही असते. पण पद्मिनी बदलायला कुर्ल्यात एक घाटगे लागले असते, आणि त्यांच्या हाताखाली दर दहा वर्षांनी नवी गाडी आखणारी वीस तरुण पोरं.

शंतनुराव पुढच्या आठवड्यात. त्यांच्याबाबत प्रश्न उलटा आहे : तिथे वडिलांना स्वतःलाच ड्रॉइंग काढता येत होतं.