डीव्ही कॅसेटचा एकमेव वाचक

काडेपेटीहून जराशी मोठी प्लॅस्टिकची डबी, आत पाव इंच रुंदीची फीत आणि फितीवर तासाभराचं चित्रण. हीच मिनीडीव्ही कॅसेट. २००० च्या आसपास ज्यांच्या घरात हँडीकॅम आला, त्यांच्या कपाटात ‘मुंज, भाग २’, ‘बारसं’ अशा चिठ्ठ्या डकवलेल्या चार-सहा कॅसेट आजही निघतात. कॅसेट बहुतेकदा धड असते. ती लावायची कशात, हीच पंचाईत. व्हीसीआरमध्ये ती जात नाही. घरगुती माणसापुरता तिचा वाचक एकच: ज्याने ती भरली तो कॅमेरा, नाहीतर त्याच जातीचा दुसरा.

ही जात १९९५ साली आली. सोनीच्या व्हीएक्स १००० या कॅमेऱ्याने त्याच वर्षी दोन गोष्टी घरगुती बाजारात आणल्या: डिजिटल चित्रण आणि ते बाहेर काढणारी फायरवायर. अ‍ॅपलने पुढाकार घेऊन घडवलेल्या या जोडणीला सोनीने ‘आय-लिंक’ म्हटलं. १९९९ मध्ये आयमॅक डीव्ही आणि आयमूव्ही आले आणि घरच्या टेबलावर एडिटिंग सुरू झालं.

कॅमेऱ्याच्या आत डोकावलं की या यंत्राची करामत कळते. कॅसेट ठेवून झाकण दाबलं की बारीक खुंट्या फीत बाहेर ओढतात आणि तिरप्या बसवलेल्या ड्रमभोवती गुंडाळतात. ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. त्याच्यावरची दोन हेड्स फितीवर तिरक्या रेघा वाचत जातात. एकेक रेघ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी रुंद. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका फ्रेमला अशा १२ रेघा, म्हणजे सेकंदाला ३००. एवढं बारीक काम करणाऱ्या हेडवर धूळ बसली की चित्रात चौकटी उमटतात. एक हेड पूर्ण चोक झालं तर चित्र आडव्या पट्ट्यांत फाटतं: एक पट्टी आजची, एक शिळी. अशा वेळी फितीला दोष न देता आधी हेड क्लीनिंग कॅसेट काही सेकंद फिरवावी. पावसाळ्यात एसीतून दमट हवेत आणलेला कॅमेरा ‘ड्यू’चा इशारा देऊन अडून बसतो, त्याला तासभर तसाच राहू द्यावा. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र कॅसेट लावूच नये. तीच बुरशी हेडवर चढते आणि वाचकच आजारी पडतो.

खरी चूक होते ती वायर निवडताना. फितीवरचं चित्र मुळात आकड्यांतच आहे. फायरवायरने ते आकडे जसेच्या तसे संगणकात उतरतात. रंगात, धारेत काही फरक नाही. प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेली चित्रीकरणाची तारीख-वेळही येते. पिवळी-पांढरी-लाल वायर लावून यूएसबी कॅप्चरच्या डबीतून घेतलं, तर आकड्यांचं आधी अ‍ॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल. तपशील गळतो, तारखा जातात. व्हीएचएस किंवा हाय-एट कॅसेटला ती वाट योग्य, कारण तिथलं चित्रच अ‍ॅनालॉग. डीव्हीला नाही. दुकानात काम दिलं तर नुसती एमपीफोर न घेता मूळ डीव्ही फाइल मागून घ्यावी. तासाला सुमारे १३ जीबी लागते, पण आजच्या हार्ड डिस्कला ते जड नाही.

हे काम घाईने होत नाही. तासाची कॅसेट तासभरच चालते. संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला तर फ्रेम सुटते, आणि सुटलेली फ्रेम तो कॅमेऱ्याकडे पुन्हा मागत नाही. खराब फीत म्हणूनच दोन-तीनदा उतरवतात. डीव्हीरेस्क्यूसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक खेपेतला चांगला भाग निवडून एकच फाइल जोडतं. एलपी (लाँग प्ले) मोडमध्ये भरलेल्या कॅसेटला शक्यतो मूळ कॅमेराच हवा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला कॅमेरा असेल, तर त्याच्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या. पुण्यात घेतलेला पाल कॅमेरा त्या नीट वाचेलच असं नाही.

आता वायरचीही अडचण आहे. नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोक नाही. तिच्या टोकाला यूएसबी बसवलेल्या स्वस्त वायरी डीव्हीसाठी निरुपयोगी, कारण दोन्हींची भाषाच वेगळी. मॅकवर अ‍ॅडॉप्टरांची साखळी बरीच वर्षं चालली; २०२५ च्या मॅकओएस टाहोने ती तोडली. खात्रीचा मार्ग म्हणजे जुना मॅक, किंवा फायरवायर कार्ड घातलेला डेस्कटॉप आणि लिनक्सवरचं डीव्हीग्रॅब.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की २०२५ पर्यंत न उतरवलेल्या फिती बहुधा गमावल्या जातील. त्यामागे फितीच्या वयाइतकीच चिंता होती यंत्रांची, सुट्या भागांची आणि ती दुरुस्त करणाऱ्या हातांची. म्हणून कॅसेट जपून ठेवण्यापेक्षा कॅमेरा चालू ठेवणं आधी. लेन्सवर ओरखडे असोत, बॅटरी मेलेली असो, झूम अडकलेला असो. चार्जर लावून प्ले होत असेल तर तो भंगारात देऊ नये. कॅसेट आधी उतरवाव्यात, दोन डिस्कवर ठेवाव्यात, आणि मग त्या कॅमेऱ्याचं काय करायचं ते ठरवावं.