किल्ली कोणाच्या हाती? संगणकातील फाइलींचे अधिकार

ज्यांच्या नावाने आपले सयाजीगंज ओळखले जाते, त्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालय-चळवळीची उभारणी केली. ज्ञान सर्वांस खुले असावे, ही त्यामागील दृष्टी. परंतु खुले ग्रंथालय म्हणजे बेवारस ग्रंथालय नव्हे. ग्रंथ सर्वांनी वाचावा. दाखलनोंदवहीत मात्र वाटेल त्याने खाडाखोड करू नये. हाच विवेक संगणकालाही शिकवावा लागतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. तिच्याच धर्तीवरील लिनक्स आज असंख्य सर्व्हरांवर चालते. तीत प्रत्येक फाइलसंबंधी तीन पक्ष मानतात: मालक, नेमून दिलेला गट आणि इतर. प्रत्येकासाठी अधिकारही तीनच: वाचणे, लिहिणे व चालवणे. त्यांचे अंक अनुक्रमे ४, २ व १.

शाळेच्या गुणपत्रकाची फाइल घेऊ. तिला 'सीएचमॉड ६४०' ही आज्ञा दिली, तर मालक असलेले परीक्षाप्रमुख ती वाचू व बदलू शकतात, कारण ४ आणि २ मिळून ६. शिक्षकांचा गट केवळ वाचू शकतो. इतरांच्या वाट्यास शून्य.

फोल्डरच्या बाबतीत हा अर्थ बदलतो. तेथे वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे आणि चालवणे म्हणजे आत प्रवेश करणे. प्रवेशाच्या जोडीला लेखनाधिकार असेल, तर आतील फाइल काढूनही टाकता येते. म्हणून फाइल केवळ वाचनापुरती ठेवली आणि फोल्डर मोकळे सोडले, तर सामान्यतः कोणीही ती नाहीशी करू शकतो. पेटीला कुलूप लावावे आणि पेटीच उचलून नेण्यास दार उघडे ठेवावे, तसा हा प्रकार!

काम अडले की '७७७' देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. काम चालते खरे. परंतु त्या सर्व्हरवरील प्रत्येक खात्यास लिहिण्याची मुभा मिळते. योग्य मार्ग निराळा: ज्याचे काम अडले, त्याला गटात घ्यावे, जो निवृत्त झाला, त्याला गटातून वगळावे. सर्वाधिकारी 'रूट' खात्याला मात्र ही बंधने सहसा अडवीत नाहीत. म्हणून त्याचा परवलीचा शब्द मोजक्याच हाती असावा आणि नोंदींची प्रत अन्यत्र जपावी.

शाळेच्या नोंदवहीत एखाद्याच्या जन्मतारखेचा एक अंक बदलला, तर वर्षांनंतर त्याचे पारपत्र अडू शकते. तो अंक राखणे, हाही विद्यादानाचाच भाग होय.