हाडे सांगतात चराईच्या वाटा

तुळजापूर गढी (जि. अमरावती) : येथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली आहे.

इनामगाव (जि. पुणे) : डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १००० नंतर इथली शेती घटली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने लोक शेळ्या-मेंढ्यांसह अर्धभटके झाले, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे मत.

माहुरझरी (जि. नागपूर) : महापाषाणीय दफनांत घोड्यांचे अवशेष; म्हणून हे लोक फिरते पशुपालक असावेत, असा एक तर्क.

तपास कसा? : जनावरांच्या दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ऋतुमान कळते, तर स्ट्रॉन्शिअमवरून चराईचा मुलूख.

आवाहन : गावच्या पांढरीत जुनी खापरे, हाडे दिसली तर हलवू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा.