परतीची तार

मोटारसायकलच्या प्रत्येक दिव्याला दोन वाटा लागतात. एका वाटेने करंट येतो आणि दुसरीने तो बॅटरीकडे परत जातो. दिवा लागला नाही की येणाऱ्या वाटेची चौकशी सगळे करतात. बल्ब, फ्यूज, बटण, बॅटरी एकामागून एक पाहिली जातात. परतीची वाट म्हणजे अर्थ. तो चासीतून जातो आणि त्याचे टोक कुठल्यातरी बोल्टखाली दाबलेले असते. तिथे गंज, रंग किंवा चिखल शिरला की दिवे सहसा पूर्ण बंद पडत नाहीत, विचित्र वागू लागतात. वायरिंगच्या कामाचा खरा कस अशा विचित्र वागण्यात लागतो.

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजाराजवळ, एका मिस्त्रींच्या अरुंद जागेत, पार्सल पोचवणाऱ्या तरुणाची गाडी अशाच दुखण्यासाठी आली होती. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट लागत नव्हता, पण चारही इंडिकेटर विझत्या निखाऱ्यासारखे लालसर दिसत होते. "काका, बल्ब बदलला, फ्लॅशर बदलला. आता म्हणतात, पूर्ण वायरिंग सेट टाका," तरुण सांगत होता. गाडी उभी राहिली की त्याची त्या दिवसाची कमाई जाते.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून होते आणि ती पटकन उरकते. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि 12.2 दिसले तर ती निम्मी रिकामी आहे. इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर आकडा साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. तो वाढला नाही तर कॉइल किंवा आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटकडे वळावे. 15 च्या वर गेला तर आरआर करंट आवरत नाही, आणि अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात. जुन्या लहान गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसून थेट कॉइलच्या एसी करंटवर चालत असे. तिथे रेस कमी असताना उजेड मंदावणे हा बिघाड नव्हे, ती त्या रचनेची सवय आहे. तरुणाच्या गाडीची बॅटरी 12.6 दाखवत होती आणि फ्यूज शाबूत होता.

यानंतर मिस्त्रींनी बल्बला हात लावला नाही. मीटरची लाल पिन टेललाइटच्या अर्थला आणि काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून त्यांनी तरुणाला ब्रेक दाबायला सांगितला. दोन्ही टोके एकाच वाटेवरची असल्याने आकडा शून्याजवळ हवा होता, पण मीटरवर 7.1 आले. "पॉइंट दोनच्या वर गेला की अर्थ मेला समजायचं," ते म्हणाले.

चारही इंडिकेटर का लागले, हे या 7.1 मधूनच कळते. मागच्या भागात टेललाइट, ब्रेकलाइट आणि दोन्ही इंडिकेटर यांचा अर्थ एकाच तारेवर असतो. ती तुटली की ब्रेकलाइटच्या 21 वॅटच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बाहेर पडायला जागा उरत नाही. तो मागच्या इंडिकेटरमध्ये उलट्या बाजूने शिरतो, तिथून त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरमध्ये जातो आणि पुढचा अर्थ शाबूत असल्याने तिथून परततो. वाटेत इतके बल्ब एकामागे एक आल्याने कुणालाच पुरेसा करंट मिळत नाही. इंडिकेटर जेमतेम तांबूस होतात आणि ब्रेकलाइट डोळ्यांना दिसेल इतका तापतच नाही. बल्ब किंवा फ्लॅशर बदलून यात काही साधणारच नव्हते.

ही चाचणी दिवा चालू ठेवूनच करायची असते. कित्येक ठिकाणी हे पाळले जात नाही आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून विनाकारण पैसे जातात. तारेचे सगळे धागे तुटून एकच उरला, तरी करंट वाहत नसताना मीटर त्या तारेवर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. म्हणून जुने मिस्त्री टेस्ट लॅम्प सोडत नाहीत. होल्डरमध्ये बसवलेला साधा बल्ब, दोन तारा, एक चिमटा आणि एक अणकुचीदार पिन, एवढेच ते साधन. बल्ब खरोखर करंट मागतो, आणि कमजोर तार ती मागणी पुरवू शकत नाही. मीटर ज्या तारेला चांगली म्हणते, तिचे पितळ बल्बच्या मंद उजेडात उघडे पडते.

शॉर्ट शोधायलाही हाच बल्ब कामाला येतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर नवा फ्यूज टाकत बसणे किंवा त्यावर तार गुंडाळणे धोक्याचे आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडला की जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर करंट जातो आणि काही जळत नाही. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटतो. मग तारा जोडणारे कपलर एकेक सोडवायचे. ज्या कपलरशी बल्ब विझतो किंवा एकदम मंदावतो, त्याच्या पुढच्या फांदीत दोष असतो.

हेडलाइट अंधुक होण्यामागेही बहुतेकदा असाच अडथळा असतो. 35 वॅटच्या बल्बच्या वाटेत फक्त अर्धा ओहम जास्तीचा अडथळा आला, तरी बल्बपर्यंत 12 ऐवजी 10.7 व्होल्ट पोचतात. उजेड मात्र त्या प्रमाणात घटत नाही, जवळजवळ एक तृतीयांश जातो. हरवलेली ताकद कपलरमध्ये उष्णता होऊन बसते. साडेतीन वॅट ऐकायला थोडे वाटतात, पण शेंगदाण्याएवढ्या जागेत रोज तासन् तास ते झिरपले की प्लॅस्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि शेवटी वितळते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. त्यामुळे या कपलरना दिवसाही विसावा नाही. मिस्त्री हेडलाइटची वाटी उघडली की आधी वास घेतात. करपलेल्या इन्सुलेशनचा तो उग्र, घशाला लागणारा वास आला की मीटर लावायच्या आत हात योग्य कपलरवर जातो.

वायरिंग तुटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. हँडल वळते तिथे, मानेजवळ, तारा वर्षानुवर्षे वाकून आतून तुटतात आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. अशी तार दोन्ही हातांनी हळूच ओढली तर रबरासारखी लांबते. टाकीखाली चासीची कड आवरण घासते. सीटखाली उंदीर तारा कुरतडतात. मागे मडगार्डवर चाकाने उडवलेला चिखल अर्थच्या बोल्टवर बसतो. पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या तारांवर हिरवा कळंक चढतो आणि आवरणाच्या आत बराच लांब सरकतो. अशी तार कापत मागे जावे लागते, आतले तांबे लालसर, चकचकीत दिसेपर्यंत.

मागाहून जोडलेल्या वस्तूंची बाब मोठी आहे. मोठा हॉर्न किंवा जादा एलईडी दिवे मूळ तारेला टोचून, वळसा देऊन, वर टेप गुंडाळून जोडले जातात. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि पाण्याला वाट मिळते. बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले घेणे हीच योग्य रीत. रिलेच्या 30 वर बॅटरी, 87 वर दिवा, 85 आणि 86 पैकी एकावर बटणाची बारीक तार, दुसऱ्यावर अर्थ. साध्या बल्बच्या जागी एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते घाईघाईने लुकलुकतात, कारण जुन्या फ्लॅशरला भार कमी वाटतो. तिथे एलईडीसाठीचा फ्लॅशर लागतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये इंजिनचा कारभार ईसीयू पाहतो. त्याच्या सेन्सरच्या तारांवर टेस्ट लॅम्प लावू नये. तिथे मीटरच वापरावे.

त्या तरुणाच्या गाडीचा वायरिंग सेट काढावा लागला नाही. मागच्या मडगार्डखालच्या अर्थच्या बोल्टवर गंजाचा लालसर पापुद्रा होता आणि त्याखाली तारेचे टोक सुटून आले होते. मिस्त्रींनी तार चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, नवे टोक दाबून बसवले, सोल्डर केले आणि त्यावर स्लीव्ह तापवून आवळली. बोल्टची जागा कानशीने घासून उघडी केली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी लावून मग बोल्ट आवळणारे चुकतात. धातूला धातू लागल्यावरच ती लावायची असते. पुन्हा पिना लावल्या, तरुणाने ब्रेक दाबला. 0.06. "पॉइंट दोनच्या आत," एवढेच मिस्त्री म्हणाले. चारही इंडिकेटर काळे होते आणि मागच्या भिंतीवर ब्रेकलाइटचा लाल डाग पडला होता.

शेवटची तपासणी इंजिन चालू ठेवून होते. हेडलाइट, हॉर्न, डिपर आणि दोन्ही ब्रेक एकाच वेळी चालू करून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचे आणि मागून मडगार्ड हलवून पाहायचे. वळणात कुठलाही दिवा मिचकावला नाही तर सीट बसवायची. मिस्त्रींनी हँडल तीनदा वळवले, मग तारा क्लिपमध्ये पुन्हा सैलसर बांधल्या, म्हणजे मानेजवळ त्या ताणल्या जाणार नाहीत.